हळद उन्हात उडते

“हीच का ती?” आईनं मला विचारलं. “डोळे बघ बाई हिचे. उघडेत का मिटलेत, काय कळंना.”

विद्यापीठानं घ्यायला पाठवलेली ती मुलगी स्टँडवर आमच्यापासून हातभर अंतरावर उभी होती. तिच्या हातात पुठ्ठ्याची पाटी होती, त्यावर देवनागरीत माझं नाव: उज्ज्वला वारुंगसे. काहीतरी बोलायला म्हणून तिनं तोंड उघडलं होतं. आईचं वाक्य संपलं तसं तिनं ते मिटलं. मग ती पुन्हा हसली आणि हिंदीत म्हणाली, “आइए आंटीजी. मैं करबी. करबी दोले.” आईच्या हातातली जड पिशवी तिनं आपल्या खांद्याला लावली.

“आई, हळू बोल,” मी म्हटलं.

“कुणाला कळतंय इथं?” आई म्हणाली.

आम्ही सिन्नरच्या. तिथून आसाम म्हणजे जवळजवळ परदेशच. पण बी.एस्सी.नंतर मला वनस्पतिशास्त्रात पुढं शिकायचं होतं आणि पुण्याचा खर्च अप्पांच्या आवाक्यातला नव्हता. अप्पा दूध संघात दुधाचं फॅट तपासायचे. आमच्या कॉलेजातल्या बाईंनी या विद्यापीठाचं माहितीपत्रक आणून दिलं. त्यातली फी अप्पांनी एकदा वाचली, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली. वसतिगृहात बाहेरच्या राज्यातल्या मुलींसाठी जागा राखीव होत्या. मी पत्र टाकलं तर विभागप्रमुखांनी स्वतः उत्तर लिहिलं. इतक्या लांब मुलीला पाठवायचं तर आधी पालकांनी येऊन बघावं, राहायची-जेवायची सोय आमच्याकडे, मुलाखतही तेव्हाच उरकू.

अप्पांना रजा मिळत नव्हती. ते म्हणाले, “तुझ्या आईला पसंत पडलं तर जा. नाही पडलं तर चांदवडवाल्यांना होकार कळवून टाकू.” चांदवडच्या मुलाचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. मुलगा वाईट नव्हता, पण मला ते दुकान आणि तो मुलगा दोन्ही नको होते. तेव्हा सगळं आईच्या पसंतीवर येऊन ठेपलं, आणि आईला सहजासहजी काही पसंत पडत नसे.

आई स्थळ बघायला जावं तशी निघाली होती. स्थळ बघायला गेलं की आमच्याकडच्या बायका पाणी प्यायच्या निमित्तानं आत जातात, डब्यांची झाकणं उचलतात, मोरी बघतात, आणि काय वाटलं ते परतताना रस्त्यात बोलतात. आईनं तेवढं रस्त्यापर्यंत थांबायचं सोडून दिलं होतं. परमुलखात आपली भाषा कुणाला येत नाही, म्हणजे सगळीकडं रस्ताच. तशी ती मनानं वाईट नव्हती. गल्लीत कुणी आजारी पडलं की पहिला डबा तिचा जायचा. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, हा स्वभाव जन्माचा.

विद्यापीठाच्या पाहुण्यांच्या खोलीत करबीनं आमचं सामान ठेवलं आणि ती बाहेर गेली. आली ती गरम पाण्याची बादली घेऊन. बादली खाली ठेवून तिनं पिशवीतून एक घडी काढली. पांढरंशुभ्र कापड, दोन्ही टोकांना लाल नक्षी. दोन्ही तळव्यांवर घेऊन, थोडं वाकून तिनं ते आईपुढं धरलं.

“बरं झालं, पंचा दिला,” आई मला म्हणाली. “निदान एवढी तरी रीत आहे.”

आमच्याकडं पाहुणा आला की पायांवर पाणी आणि हातात पंचा, हे ठरलेलं. आईनं तोंड धुतलं, तोंड पुसलं, मान पुसली. मग खुर्चीवर बसून पाय धुतले आणि बोटांच्या बेचक्यांतून रेल्वेची सगळी काळी धूळ त्या कापडानं काढली. झाल्यावर ते न्हाणीच्या दारापुढं पायपुसण्यासारखं टाकलं. मीही ओल्या पायांनी त्यावरूनच बाहेर आले. करबी दाराशी उभी होती. ती त्या कापडाकडं बघत राहिली आणि मग म्हणाली, “चाय लाती हूँ.”

थोड्या वेळानं आईच्या लक्षात आलं, की लोणच्याची बरणी पाझरली आहे आणि तेल पिशवीभर झालंय. तिनं इकडंतिकडं बघितलं, दारापुढचं कापड उचललं आणि बरणीला गुंडाळलं.

दुपारी करबीनं आम्हाला खानावळ दाखवली. आई सरळ स्वयंपाकघरात. तिथल्या बाई हसून बाजूला झाल्या. आईनं एकेक झाकण उचलायला सुरुवात केली. एका पातेल्यात आंबवलेल्या बांबूच्या कोंबांची भाजी होती. तिचा वास खरंच उग्र होता, पण नाकाला पदर लावण्याइतका नव्हता.

“शी! हे काय कुजवलंय मेलं? माणसं खात्यात का ढोरं?” आई म्हणाली. दुसरं झाकण. “हा भात.” तिसरं. “हा पण भात. चपातीचं नावच नाय. दोन वर्षं इथं राहिलीस तर पोतं होऊन येशील. आणि ते टोकाचं पातेलं झाक म्हणावं कुणीतरी, माशा बसू राहिल्या.”

टोकाच्या पातेल्याजवळ करबी उभी होती. मी हिंदीत काही सांगायच्या आत तिनं झाकण उचललं आणि त्यावर ठेवलं.

तिच्या हातात झाकणाची मूठ तशीच राहिली. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी तिच्याकडं पाहिलं. आई तोपर्यंत पिण्याच्या पाण्याचा माठ वास घेऊन बघत होती. माझ्या कानशिलांतून वाफा निघायला लागल्या. स्टँडपासून आतापर्यंत आई काय काय बोलली होती ते सगळं मला एकदम आठवायला लागलं: डोळे, नाक, ‘हिच्या हातचं पाणी कसं प्यायचं’, ‘साप खात्यात म्हणं हे लोक’. धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

चहानंतर आईनं जरा पाठ टेकली. मी आणि करबी ग्रंथालय बघायला म्हणून निघालो. झाडांखालून चालताना मी हिंदीत वाक्य जुळवत होते. शेवटी मराठीतच विचारलं, “तुला कळतं?”

“चार वर्षं होते मी देवळालीला,” ती म्हणाली. तिचं मराठी स्वच्छ होतं, फक्त ‘ळ’ जरा जपून उच्चारत होती. “बाबा लष्करात होते. दुसरी ते पाचवी तिथल्याच शाळेत. म्हणून तर विभागप्रमुखांनी, बरुआ सरांनी, मला पाठवलं. नाशिकजवळची मुलगी येतेय, तिच्या आईला परकं वाटायला नको, तू जा, म्हणाले.”

“मग स्टँडवर का नाही बोललीस?”

“बोलणारच होते. पाठ करून आले होते. ‘या काकू, प्रवास कसा झाला?’ म्हणणार होते.” ती हसली. “पण काकू आधी बोलल्या. मग मी मराठीत बोलले असते तर त्यांना किती लाज वाटली असती. दोन दिवसांचा तर प्रश्न. म्हटलं, हिंदीच बरी.”

मी माफी मागायला लागले. माफीही नीट येईना. आई तशी नाही, लांबचा प्रवास झालाय, वय झालंय, असलं काहीबाही.

“असू दे गं,” ती म्हणाली. “देवळालीच्या शाळेत मला रोज हेच म्हणायचे. चिनी, चपटी, झोपलीस का. बाकीचं मराठी मी बरंच विसरले. हे मात्र पक्कं आहे.”

हे ती कुरकुरत सांगत नव्हती. मला ग्रंथालयाची पायरी दाखवत, इथं जपून, निसरडं आहे, असं सांगत सांगतच तिनं ते सांगितलं. मला तिच्याकडं बघवेना. मी म्हटलं, “मी आत्ता जाऊन आईला सांगते.”

“नको.” तिनं माझा दंड धरला. “तुला इथं शिकायचंय ना?”

“हो.”

“मग नको सांगूस. काकूंना कळलं तर त्या तुला इथं ठेवतील का? माझी आई असती तर नसतं ठेवलं.”

तिचं खरं होतं. आई बोलायला जितकी सैल, तितकीच लाजेला हळवी होती. एकदा कुणाच्या बारशात तिनं बाळाच्या रंगावरून काही म्हटलं आणि ते बाळाच्या आजीनं ऐकलं. त्या गल्लीतून आई पुढं कधी गेली नाही. बाजाराला लांबून वळसा घालून जायची.

म्हणून मी गप्प राहिले आणि आईलाही गप्प ठेवायचं ठरवलं. म्हैस विहिरीत पडल्यावर तिला पोहू नकोस सांगण्यातलाच तो प्रकार होता.

संध्याकाळच्या जेवणात बांबूची भाजी नव्हती. आईच्या ताटात दोन चपात्या आल्या, वेड्यावाकड्या, एका बाजूनं करपलेल्या. आख्ख्या खानावळीत दुसऱ्या कुणाच्या ताटात चपाती नव्हती. आईनं माझ्याकडं डोळे वटारले.

“तू सांगितलं का हिला?”

“हो,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

“अगं, पाहुण्यानं असं मागायचं असतं का? लाज आणलीस मला.” असं म्हणून तिनं चपातीचा तुकडा मोडला, खाल्ला, आणि जरा मऊ आवाजात म्हणाली, “भाजली बरीये. लाटता येत नाय मेलीला.”

मला वाटलं, निभलं. करबी समोर डाळ वाढत होती. आईला बहुतेक मऊ बोलल्याचीच भरपाई करायची होती.

“हिच्याच खोलीत जागा देणारेत म्हणं तुला,” ती म्हणाली. “मला नाय पटत. असल्या पोरींना घरचा धाक नसतो. कुणाबरोबर पण हिंडत्यात, कुठं पण राहत्यात. हिच्या शेजारी दोन वर्षं झोपून आलीस असं कळलं ना, तर चांदवडवाल्याचं सोडच, बिजवर पण दारात उभा राहायचा नाय.”

डाळीचा पळा ताटावर थांबला. मग तो हळूच कलला आणि डाळ आईच्या वाटीत पडली, एक थेंबही बाहेर न सांडता.

“आई, गप्प बस,” मी म्हटलं.

“का? कुणाला कळतंय?”

मी मान वर केली नाही. करबीनं माझ्याही वाटीत डाळ वाढली. ती पानात टाकली असती तर आईनं आणखी काहीतरी म्हटलं असतं, म्हणून मी सगळी प्यायले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाखत होती. बरुआ सर बारीक, पिकल्या केसांचे, शर्टाच्या बाह्या दुमडलेले. मला त्यांनी गोदाकाठच्या बाभळींबद्दल विचारलं, सिन्नरकडच्या माळावर पावसानंतर काय उगवतं ते विचारलं, आणि मी सांगत असताना मध्येच वहीत लिहूनही घेतलं. मग ते आईकडं वळले. हिंदीत म्हणाले, “अब आप पूछिए. आपको क्या पूछना है?”

आईला असं कुणी विचारलं नव्हतं. तिनं पदर सावरला. दवाखाना किती लांब आहे विचारलं. मुलींच्या वसतिगृहाला रात्री कुलूप असतं का विचारलं. सरांनी एकेकाचं नीट उत्तर दिलं. शेवटी ते म्हणाले, जागा मुलीचीच आहे, तुम्ही हो म्हणायचा अवकाश.

मग ते उठले. कपाटातून त्यांनी दोन घड्या काढल्या. पांढरं कापड, टोकांना लाल नक्षी. त्यांनी एक उलगडून आईच्या गळ्यात घातलं आणि तिच्यापुढं हात जोडून वाकले. एक माझ्या गळ्यात घातलं. हा गामोसा, ते म्हणाले. इथं घरोघरी बायका हातमागावर विणतात. ज्याचा मान करायचा त्याला देतात, देवापुढं ठेवतात. तुम्ही आई, मुलीसाठी एवढ्या लांब आलात, आमचा मान आहे हा.

त्यांच्या मागं भिंतीवर एका म्हाताऱ्या बाईंचा फोटो होता. त्यांच्या आईचा असावा. त्या फोटोलाही तसाच गामोसा घातलेला होता.

आई दोन्ही टोकं मुठीत धरून उभी राहिली. तिनं फोटोकडं पाहिलं, मग आपल्या हातातल्या लाल नक्षीकडं. तिला नमस्कार करायचंही सुचलं नाही. मीच तिचा हात धरून तिला बाहेर आणलं. गामोसा म्हणजे काय ते मलाही त्याच क्षणी कळत होतं, आणि त्यावर माझेही पाय पडले होते.

“उज्जू,” बाहेर आल्यावर ती म्हणाली, “हे तेच का गं? काल त्या पोरीनं दिलेलं?”

“तसंच दिसतंय.”

पुढं ती इतक्या भरभर चालत होती, की मला मागून पळावं लागलं. खोलीत आल्या आल्या तिनं गळ्यातला गामोसा काढून, घडी करून, पलंगावर उशीपाशी ठेवला. मग पिशवीतून बरणी काढली आणि तिला गुंडाळलेलं कापड सोडवलं. त्याचा निम्मा भाग पिवळाजर्द झाला होता. उरलेल्या भागावर पायांची काळी धूळ होती.

खोलीबाहेर नळ होता. आईनं साबणाची वडी घेतली आणि तिथंच उकिडवी बसून घासायला लागली. धूळ निघाली. हळद निघेना. साबण लावला की ती तांबडी व्हायची, पाणी टाकलं की पुन्हा पिवळी. आई दगडावर आपटायला गेली आणि थांबली, नक्षीचे धागे तुटतील म्हणून. आभाळ सकाळपासून भरून आलेलं होतं, सगळीकडं नुसता दमटपणा.

“निघंना की गं बाई,” ती स्वतःशीच बोलत होती. “काय करू आता? काय केलं मी हे. निघ ना मेली.”

करबी केव्हा आली ते मला कळलं नाही. ती आम्हाला जेवायला बोलवायला आली असावी. आईला तशी घासताना बघून ती पटकन पुढं झाली, आईच्या शेजारी बसली आणि तिच्या हातातलं कापड धरून म्हणाली, “राहू द्या काकू, घासू नका. हळद उन्हात उडते.”

आईचे हात थांबले. नळ चालू होता.

करबीनंही जीभ चावली, पण शब्द बाहेर पडून गेला होता.

“तुला मराठी येतं?” आईनं विचारलं. ती तिच्याकडं बघत नव्हती, पाण्याकडं बघत होती.

“थोडं थोडं.”

“कधीपासून?”

“लहानपणापासून, काकू. देवळालीला होते मी.”

आईनं नळ बंद केला. “हे कुणी विणलं?”

“आईनं. तुम्ही येणार म्हणून गावाकडून पाठवला होता.”

आई उठली. ओला गामोसा तिनं छातीशी धरला होता, साडीवर पाणी गळत होतं. ती आत गेली, पलंगावर भिंतीकडं तोंड करून बसली आणि पदर डोक्यावरून पार हनुवटीपर्यंत ओढून घेतला. करबी दारातच थांबली. मी तिला हातानं जा म्हटलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. जणू चोरी तिनंच केली होती.

ती गेल्यावर पदराआडून आवाज आला. “तुला ठाऊक होतं?”

“कालपासून.”

“आणि मला बोलू दिलं.”

“मी गप्प बस म्हणत होते ना.”

“नुसतं गप्प बस म्हणलीस. तिला कळतंय, असं नाय म्हणलीस.” तिनं नाक ओढलं. “रात्रीच्या जेवणाला काय काय बोलले मी. बिजवर काय, धाक नसतो काय. लेकीच्या वयाची पोर. डाळ वाढत होती मला.”

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तो तिनं झटकला नाही, पण ती वळलीही नाही.

“इथं नाय यायचं आपण,” ती म्हणाली. “अप्पांना सांगू, लय लांब पडतं. ती पोर रोज तुझं तोंड बघणार, आणि रोज तिला माझं बोलणं आठवणार. तुला सोडायला मी यायचं कोणत्या तोंडानं?”

“म्हणजे तू बोललीस म्हणून मी शिकायचं नाही?”

मला तिचा राग आला आणि त्याच वेळी तिला जवळ घ्यावंसं वाटलं. दोन्हीतलं मी काहीच केलं नाही. चांदवडच्या दुकानाची पाटी माझ्या डोळ्यांपुढं आली. उघडं शटर, गल्ल्यावरचा गणपती, आणि गल्ल्यामागं मी.

जेवायला आई आली नाही. करबीनं ताट खोलीत पाठवलं. त्यात पुन्हा दोन चपात्या होत्या. आईनं त्या खाल्ल्या, एक कणही न टाकता, आणि ताट स्वतः घासून परत दिलं.

तिसऱ्या दिवशी विद्यापीठाची बस गुवाहाटीला जाणार होती. करबी पोचवायला आली. तिची परीक्षा तोंडावर होती, मी नको म्हटलं, पण ती आलीच. बसमध्ये आई खिडकीपाशी, मध्ये मी, पलीकडं करबी. सगळ्या वाटेत आईनं तोंडातून शब्द काढला नाही. मला आठवतं तेव्हापासून आई इतका वेळ गप्प बसलेली मी पाहिली नव्हती. ते तिच्या बोलण्यापेक्षा वाईट होतं.

स्टेशनवर करबीनं आमच्या जागा शोधून दिल्या, सामान बाकाखाली सरकवलं, पाण्याच्या बाटल्या भरून आणल्या. मग खाली उतरून ती आमच्या खिडकीशी उभी राहिली. तिनं एक पुडी आत दिली. तिळाचे लाडू होते. मी तिचा हात धरला. पत्र टाकीन म्हणावं तर कशाबद्दल टाकणार होते मी?

आई मांडीवरच्या पिशवीत काहीतरी शोधत होती. तिनं फराळाचा डबा काढला, आख्खा, परतीच्या प्रवासाचा, आणि गजांतून जाईना म्हणून झाकण काढून एकेक करंजी बाहेर द्यायला लागली. करबी ओढणीची झोळी करून घेत राहिली. डबा रिकामा झाला. गार्डानं शिट्टी फुंकली.

आई खाली बघूनच म्हणाली, “पोरी, लय बोलले मी तुला. विसरून जा.” आणि मग, “जातो आम्ही.”

आमच्याकडं कुणी जातो म्हणत नाही. जाणं असतं ते मेलेल्या माणसाचं. आईनं ते मुद्दाम म्हटलं होतं. पुन्हा या दारात पाय ठेवायचा नाही, हे तिनं तसं सांगितलं होतं, आणि मला ते कळलं.

करबीनं झोळी एका हातात धरली, दुसऱ्या हातानं खिडकीचा गज धरला.

“जातो म्हणू नये, काकू,” ती म्हणाली. “येतो म्हणावं.”

आईनं त्या दिवसात पहिल्यांदा तिच्याकडं नीट पाहिलं. “हे कुणी शिकवलं तुला?”

“देवळालीच्या कदमकाकूंनी. आम्ही देवळाली सोडली तेव्हा मी त्यांना जाते म्हटलं. तर त्यांनी मला हात धरून परत घरात नेलं, पाटावर बसवलं, साखर हातावर ठेवली, आणि म्हणाल्या, आता पुन्हा बाहेर पड आणि येते म्हण.”

“मग गेलीस का पुन्हा?”

“नाही. कुणी बोलावलंच नाही.”

गाडीला हिसका बसला. फलाट मागं सरकायला लागला. करबी गज धरून चालायला लागली, करंज्यांची झोळी सांभाळत. ती आईकडं बघत होती, माझ्याकडं नाही. आईच्या तोंडावर काय काय येऊन गेलं ते मी बघत होते. बोलायची माझी पाळी नव्हती.

“येतो,” आई म्हणाली. पहिल्यांदा ते नीट ऐकू आलं नाही. मग तिनं गजातून हात बाहेर काढून करबीच्या गालावरून फिरवला आणि मोठ्यानं म्हणाली, “येतो गं. आणि तू सिन्नरला ये. मी बोलावतेय.”

करबीनं गज सोडला. ती फलाटावर लहान होत गेली, आणि मग दुसऱ्या गाडीच्या डब्यांनी ती झाकली.

आई बराच वेळ पदरानं तोंड पुसत बसली. समोरच्या बाकावरचे लोक बघत होते, पण तिला त्याचं काही नव्हतं. मग ती वाकली, बाकाखालची पिशवी ओढली आणि तिनं त्यातून ओला गामोसा काढला. अजून पिवळाच होता. तिनं तो झटकला आणि खिडकीच्या गजाला दोन्ही टोकं घट्ट बांधली, नक्षीच्या धाग्यांना गाठ लागणार नाही अशी. बाहेर आभाळ तसंच होतं.

“उद्या ऊन कुठल्या बाजूनं येईल गं?” तिनं विचारलं. “इकडून नाय आलं तर पलीकडच्या बाईला जागा बदलून माग. जुलैत तुला सोडायला येऊ तेव्हा पिवळं नको दिसायला.”